बुटातली वाळू आणि काचेचा मणी

बेंगळुरूतल्या आमच्या एचएसआर लेआउटमधल्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर रविवारी सकाळी लहान मुलांचा मराठीचा वर्ग भरतो. वर्ग आपला म्हणायचा. मुलं शाळेत इंग्रजी बोलतात, खाली खेळताना हिंदी, आणि गेटवरच्या वॉचमन अण्णांशी कन्नड. मराठी तेवढी घरातल्या घरात घुसमटू नये म्हणून आम्ही आईबाप आळीपाळीनं शिकवतो. त्या रविवारी पाळी माझी होती. मी नागपूरची, बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. शिकवण्याशी माझा संबंध नाही. म्हणून सोप्यात सोपं घेतलं. 'क'पासून सुरू होणाऱ्या वस्तू शोधा.

कप झाला, कपाट झालं, माझ्याकडे बोट दाखवून 'काकू' झालं. मग माझी सहा वर्षांची लेक खिडकीला नाक चपटं करून ओरडली, "काच!"

"शाब्बास," मी म्हटलं. तिथंच थांबायला हवं होतं. पण मास्तरकी अंगात आली की माणूस थांबत नाही. "आणि माहितीये का, काच वाळूपासून करतात."

पहिल्या रांगेत दोन वेण्या घातलेली एक मुलगी बसते. लेकीच्याच वयाची, पण तिच्यासमोर मला मॅनेजरसमोर बसल्यासारखं वाटतं. तिनं हात वर केला.

"वाळू म्हणजे सँड?"

"हो."

"सँडमधून आरपार दिसत नाही."

"नाही दिसत. पण वितळवली की दिसतं."

"मग दाखवा."

"दाखवते ना! काऊन नाही दाखवणार? पुढच्या रविवारी."

वर्गात असा काही कल्ला झाला की शेजारच्या खोलीतून योगासनं करणारे आजोबा डोकावून गेले. मुलं घरी जाताना लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, भेटेल त्याला सांगत सुटली: काकू वाळूची काच करणार आहेत! संध्याकाळी दूध आणायला गेले तर दुकानदार हसत म्हणाला, "मॅडम, ग्लास फॅक्टरी काढताय म्हणे?"

माझा नवरा बेळगावचा. तो घाबरला नाही, उलट खूश झाला. शनिवारी दुपारी शेजारच्या बांधकामावरून मूठभर वाळू मागून आणली. आम्ही ती लोखंडी कढईत ओतली, गॅस मोठा केला आणि दोघं वाकून बघत बसलो. लेकीला लांब स्टुलावर उभं केलं होतं, तिथून ती विचारत होती, "झाली? आता? आता झाली?"

वाळू तापली. मग आणखी तापली. पुढे काही झालं नाही. कढईतली वाळू कढईतच, तशीच राखाडी, आमच्याकडे बघत. नवऱ्यानं मोबाइलवर शोधलं आणि हसायलाच लागला.

"वाळू वितळायला सतराशे अंशांच्या आसपास लागतं."

"आणि आपल्या गॅसवर?"

"आपल्या गॅसवर शेंगदाणे भाजता येतील."

म्हणून आम्ही खरंच त्या वाळूत शेंगदाणे टाकले. मस्त खरपूस झाले. सगळ्यांना राखाडी पूड चिकटली होती, ती फुंकून फुंकून आम्ही ते खाल्ले. खाताना लेकीचं लक्ष साखरेच्या बरणीकडे गेलं.

"आई, साखर पण वाळूसारखीच दिसते की. ती वितळेल?"

मी खुर्चीतून उडालेच. साखर वितळेल! साखर तर हमखास वितळेल! पहिल्या कढईतली काळी ठिक्कर पडली आणि धुरानं आम्ही तिघंही बाल्कनीत पळालो. दुसऱ्या खेपेला आच मंद ठेवली. दाणे कडेनं विरघळत गेले, मधासारखे झाले, आणि तो पातळ सोनेरी रस मी तूप लावलेल्या ताटात ओतला. गार झाल्यावर चाकूच्या टोकानं हळूच उचकटला तर हातात आली खिडकी. खरीखुरी, पिवळी, आरपार दिसणारी. लेकीनं ती डोळ्यांसमोर धरली आणि रस्त्यावरच्या रिक्षा, नारळाची गाडी, समोरच्या बाल्कनीतली धुणी, सगळं एचएसआर लेआउट मधात बुडालेलं बघितलं. "मला पण! मला पण!" करत आम्ही दोघं मोठी माणसं तिच्याशी भांडत होतो.

रविवारी वर्गात मी आधी खेळ घेतला. मुलांना हात धरून सरळ रांगांत उभं केलं.

"तुम्ही आहात वाळूचा एक दाणा. त्या एका दाण्यात खूप बारीक बारीक कण असतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि ते असे शिस्तीत उभे असतात. आता मी खाली आग लावते. गरम होतंय!"

मुलं जागच्या जागी थरथरली.

"आणखी गरम!"

मुलं उड्या मारायला लागली.

"वितळलात!"

रांगा मोडल्या, हात सुटले. एक कॅरमबोर्डाखाली गेला, दोघी पडद्यात गुंडाळल्या गेल्या, एक जण माझ्या पाठीवर चढला. मी जीव खाऊन ओरडले, "स्टॅच्यू!"

सगळी थिजली. कुणाचा पाय हवेत, कुणाचं तोंड उघडं.

"हीच काच. एकदम गार केल्यामुळे कणांना परत रांगेत जायला वेळच मिळाला नाही. जो जिथं होता तिथंच अडकला."

"मी काच आहे," पडद्यातून आवाज आला.

"आणि आरपार का दिसतं?" वेण्यांवालीनं एका पायावर उभं राहून विचारलं. तेही मी घोकून आले होते. वाळूचा ढीग म्हणजे असंख्य दाणे. प्रत्येक दाण्याला ठेच लागून उजेड भलतीकडे उडतो, पलीकडे पोचतच नाही. सगळे दाणे वितळून एक झाले की वाटेत ठेचा उरत नाहीत, उजेड सरळ निघून जातो. पुरावा म्हणून मी एका हातात साखरेची वाटी धरली आणि दुसऱ्या हातात ती पिवळी खिडकी. मुलं "ओऽऽऽ" म्हणाली. खिडकी हातोहात फिरली, तिच्यातून एकमेकांची पिवळी तोंडं बघून झाली, आणि मग कुणीतरी तिला जीभ लावली. पुढच्या क्षणी खिडकीचे तुकडे झाले आणि ते पोटात गेले. कडाम कुडुम, कडाम कुडुम, सगळा वर्ग खिडकी खात होता.

सगळ्यात मोठा तुकडा वेण्यांवालीनं मिळवला. तो शांतपणे संपवून, बोटं चाटून ती म्हणाली, "ही साखर होती, काकू. वाळू कुठाय?"

मग मी कारखान्यातली गोष्ट सांगितली. वाळू फार हट्टी, सहजासहजी वितळत नाही. म्हणून तिच्यात धुण्याचा सोडा घालतात, मग ती कमी आगीवरच ऐकते. पण नुसता सोडा घातला तर अशी काच होते जी पाण्यात हळूहळू विरघळते. म्हणून तिसरी वस्तू घालायची, चुनखडी. मग काच पाण्याला दाद देत नाही.

पण मुलांना 'विरघळणारी काच' एवढंच ऐकू आलं होतं. "म्हणजे पाणी प्यायला ग्लास घेतला की ग्लास पण पिऊन टाकायचा!" "पावसात खिडकी वाहून जाणार!" "अंघोळ करताना बाबांचा चष्मा!" हसून हसून मुलं सतरंजीवर लोळायला लागली. एकाला उचकी लागली. वेण्यांवाली तेवढी लोळता लोळता थांबून म्हणाली, "पण वाळू दाखवायचीच आहे हं."

घरी येऊन मी नवऱ्याच्या मामांना फोन लावला. मामा बेळगावहून तरुणपणी बेंगळुरूला आले आणि इथलेच झाले. प्रयोगशाळांना लागणारी काचेची नळकांडी, चंबू, वळणावळणाच्या नळ्या करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आता निवृत्त आहेत, पण शिवाजीनगरच्या एका गल्लीत त्यांनी पत्र्याची शेड ठेवली आहे आणि तिथं ते मनाला येईल ते घडवतात. भरघोस मिशा, खिशात पानाचा डबा, आणि बोलायला लागले की दम खात नाहीत.

"मामा, मुलांना काच दाखवायची आहे."

"आण की! सगळ्यांना घेऊन ये. मला अज्जा म्हणायला सांग, आजोबा म्हटलं की म्हातारं झाल्यागत वाटतंय."

पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही वर्गातल्या मुलांना आणि मदतीला आलेल्या दोनतीन आयांना घेऊन बसनं निघालो. मुलांच्या खिशात वाळू होती. सगळ्यांच्या! बांधकामावरची, मूठमूठ, दप्तरात, डब्यात, टोपीत. शिवाजीनगरच्या स्टँडवर उतरेपर्यंत आमच्यामागे बसमध्ये वाळूची रेघ उमटली होती आणि कंडक्टर अण्णा कपाळाला हात लावून बघत होते.

मामा गल्लीच्या तोंडाशीच उभे होते. "या, या, या! किती ही पोरं! स्वल्प जपून हं, इथं सगळं फुटतंय." शेडमध्ये त्यांनी जमिनीवर खडूची रेघ मारून ठेवली होती, रेघेच्या अलीकडेच थांबायचं. प्रत्येकाला जांभळट काचांचा चष्मा दिला. एवढे चष्मे त्यांनी कुठून जमवले कोण जाणे. लहान लहान तोंडांवर ते मोठे चष्मे बसल्यावर सगळा वर्ग घुबडांच्या पिल्लांसारखा दिसायला लागला आणि मुलं एकमेकांना बघून आधीच हसत सुटली.

मामांनी बर्नर पेटवला. फुर्र करून निळी ज्योत निघाली. काचेची एक नळी तिच्यात धरून त्यांनी दोन्ही हातांनी गोल गोल फिरवायला सुरुवात केली. नळी लाल झाली, मग नारिंगी, मग लोंबायला लागली. नळीच्या एका टोकाला लांब रबरी नळी जोडलेली होती. ती त्यांनी रेघेपलीकडून मुलांकडे फेकली.

"फुंका बघू!"

माझ्या लेकीनं फुंकलं. ज्योतीच्या टोकाला तापलेल्या काचेचा फुगा आला! चिंचोक्याएवढा, मग लिंबाएवढा. लेक दचकून फुंकायचीच थांबली आणि किंचाळली, "मी केला! आई, मी काच फुंकली!" मग काय, रांगच लागली. कुणाचा फुगा वाकडा, कुणाचा वांग्यासारखा. एकानं गाल फुगवून असा जोर लावला की फुगा कागदाहून पातळ होऊन फटकन फुटला आणि त्याचे पापुद्रे बर्नरपाशी चमचमत तरंगले. मुलांनी टाळ्या पिटल्या. माझी पाळी मी मागून घेतली. हाताशी नुसता श्वास, आणि तिकडे लांबवर, रेघेपलीकडे, काच मोठी होत जाते. चाळिशीला आलेली मी "अजून एकदा, मामा, अजून एकदाच" करत होते आणि मामा म्हणत होते, "अग, पोरांना देशील की नाही?"

सगळ्यांचं फुंकून झालं तेव्हा वेण्यांवालीनं चष्मा सावरला.

"अज्जा, पण ही नळी आधीच काचेची होती."

मामांचे हात थांबले. "होती की."

"तुम्ही वाळू घातलीच नाही."

मामांनी तिच्याकडे बघितलं. मग मिशीवरून हात फिरवून ते मोठ्यानं हसले. "खरं हाय ग बाई! एवढी वर्षं काच वाकवली, फुगवली, जोडली. पण वाळूची काच मी तरी कुठं केलीय? नळ्या कारखान्यातनं तयारच यायच्या." त्यांच्या डोळ्यांत एकदम काहीतरी चमकलं. "करून बघायचं?"

"हो!" सगळी शेड दणाणली.

मुलांनी खिसे, दप्तरं, टोप्या उपड्या केल्या. मामांनी चिमूट उचलून उजेडात धरली आणि नाक मुरडलं. "ही वाळू न्हवं. हा दगडाचा भुगा. आता बांधकामाला हेच वापरतात, दगड दळून." मुलांची तोंडं पडली. आमच्या शेंगदाण्यांना चिकटलेली राखाडी पूड आत्ता मला कळली. "खरी वाळू पाहिजे. नदीची न्हाईतर समुद्राची."

शिवाजीनगरात समुद्र कुठून आणायचा?

तेवढ्यात वर्गातला सगळ्यात छोटा, चारेक वर्षांचा, कधी फारसं न बोलणारा मुलगा खाली बसला आणि बूट काढायला लागला. त्याची आई म्हणाली, "अरे, आता काय?" तो म्हणाला, "गोकर्ण." मागच्याच आठवड्यात ते गोकर्णला जाऊन आले होते. त्यानं बूट उपडा करून तळव्यावर आपटला आणि त्यातून भुरभुर पडली ती खरीखुरी, चमचमणारी, समुद्राची वाळू. चिमूटभर. दुसऱ्या बुटातून आणखी एक चिमूट. मुलांनी त्या पोराला जवळजवळ डोक्यावरच घेतलं.

मामांनी कागदावर ती वाळू गोळा केली, पाण्यानं धुतली, वाळवली. कोपऱ्यावरच्या दुकानातून धुण्याच्या सोड्याची पुडी आली. एका जाड तारेच्या टोकाला त्यांनी बारीक कडी वळवली, ओली करून सोड्यात बुडवली, वाळूत लोळवली आणि ज्योतीत धरली. ज्योतीच्या झोतानं वाळू क्षणात उडून गेली. "हात्तिच्या!" मामा म्हणाले. आच कमी करून पुन्हा. या खेपेला गोळी झाली आणि टपकन जमिनीवर पडली. मुलांचं "अरेरे!" गल्लीपर्यंत गेलं असेल.

"थांबा!" वेण्यांवाली ओरडली. "चुनखडी! चुनखडी घातली नाही, ती विरघळणार!"

"चुनखडी आता कुठनं आणू?" मामा म्हणाले, आणि मग स्वतःच थबकले. त्यांनी हळूच खिशातला पानाचा डबा काढला, त्यातली चुन्याची डबी उघडली. चुनखडी भाजली की तिचाच चुना होतो. बोटाच्या टोकावर येईल एवढा चुना त्यांनी सोड्यात कालवला. मला हसू आवरेना. काचेत सोडा, वाळू आणि मामांच्या पानातला चुना!

तार पुन्हा ज्योतीत गेली. सोड्यामुळे निळी ज्योत भक्कन पिवळी झाली. "पिवळी! पिवळी!" माझी लेक चष्मा वर खाली करत ओरडायला लागली, "चष्मा लावला की पिवळं गायब होतं! काढला की येतं!" आम्हा सगळ्यांनाच ते करून बघावं लागलं. खरंच, त्या जांभळट काचेतून पिवळा उजेड दिसतच नाही; काम करणाऱ्याला आतली काच नीट दिसावी म्हणून ते चष्मे असतात. आता मामांना तारेच्या टोकाशी काय चाललंय ते स्पष्ट दिसत होतं.

"फेस येतोय," मामा पुटपुटले. "उकळतंय. दाणे दिसतायत अजून. थांबा. एक गेला. अजून एक गेला." मुलं रेघेपर्यंत सरकली. "आता... आता..."

त्यांनी तार बाहेर काढली. टोकाला नारिंगी ठिपका होता. तो विझत विझत लाल झाला, तपकिरी झाला, आणि मग त्याचा रंगच गेला. तारेच्या कडीत साबुदाण्याएवढा एक मणी बसला होता. जरासा हिरवट, आत दोनतीन बुडबुडे, आणि आरपार.

वेण्यांवाली रेघेवर गुडघे टेकून, पूर्ण गार होईपर्यंत, डोळे न मिटता बघत बसली. मग मामांनी तार तिच्या हातात दिली. तिनं मणी एका डोळ्यासमोर धरला. दुसरा डोळा मिटला.

"अज्जा, तुम्ही उलटे दिसताय," ती म्हणाली.

आणि मग जो गोंधळ उडाला! मुलं नाचत होती, आया नाचत होत्या, शेजारच्या भांड्यांच्या दुकानातली माणसं दारात येऊन विचारत होती काय झालं. एका मुलानं त्यांना कन्नडमध्ये समजावलं: बूट, समुद्र, चुना, काच! त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण तीही हसायला लागली. मणी पाण्याच्या पेल्यात टाकून बघितला, विरघळला नाही. बुटांचा मालक त्या पेल्याभोवती दोन्ही हात धरून बसला आणि कुणाला जवळ येऊ देईना. मामा मात्र स्टुलावर बसून नुसते स्वतःच्या हातांकडे बघत होते आणि मिशीतल्या मिशीत हसत होते. "वाळूची झाली की ग," ते मला म्हणाले. "माझ्या हातानं, वाळूची."

मणी कुणी ठेवायचा यावरून भांडण होणार हे दिसतच होतं. मामांनी एका बारीक नळीत तो घातला, दोन्ही तोंडं वितळवून बंद केली आणि सांगितलं की हा वर्गाचा, दर रविवारी एकानं घरी न्यायचा. पहिला मान बूटवाल्याला. जाताना बसमध्ये त्यानं तो कंडक्टरला, ड्रायव्हरला आणि मागच्या सीटवरच्या एका अक्कांना दाखवला. एरवी न बोलणारा तो पोरगा एचएसआर येईपर्यंत गप्प बसला नाही.

सोमवारी सकाळी मी बेळ्ळंदूरच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. गंभीर चेहऱ्याची दहाबारा माणसं, भिंतीवर आकडे. फोन थरथरला. मामा. उचलला नाही. पुन्हा आला. काही बरंवाईट तर नाही, म्हणून मी बाहेर कॉरिडॉरमध्ये पळाले.

"ऐक," मामा धापा टाकत म्हणाले, "मामीची रांगोळी घातली. न्हाई झाली. नुसतं पांढरं ढेकूळ झालं. मामी चिडलीय. कुंडीतली माती घातली तर बाटलीसारखी हिरवी काच झाली बघ, काळपट हिरवी! आता काय घालू सांग?"

मागून मामींचा आवाज आला, "मीठ घालू नका म्हणावं, डबा लपवलाय मी!"

मला एवढं हसू आलं की मी भिंतीला टेकून खालीच बसले. मीटिंगमधून एक सहकारी डोकावला, "सब ठीक?" मी मान हलवली, आणि फोनमध्ये म्हटलं, "मामा, मी दुपारनंतर सुट्टी टाकते. मी येईपर्यंत काही घालू नका."